इम्युनोथेरपी चालू असताना गुळवेल, हळद आणि लक्ष्मणफळाचा काढा द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ६१, मिश्रीची जुनी सवय. गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशन झालं आणि वर्षाच्या आत मानेत गाठ परत आली. आता पुन्हा ऑपरेशन शक्य नाही. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली, पण खर्च ऐकून घरात सगळे गप्प झाले. इकडे मामांनी गुळवेल, हळद आणि लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सुरू केलाय. तुम्ही विचारता, 'दोन्ही गोष्टी प्रतिकारशक्तीच वाढवतात, मग एकदम चालू ठेवल्या तर बिघडलं कुठे?'

बिघडू शकतं, आणि तेही यकृतात. म्हणून आधी सांगते: काढा आजपासून थांबवा आणि तो किती दिवस चालू होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मामांचा जीव आईंवर आहे, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण काढा का थांबवायचा आणि त्याऐवजी काय विचारायचं, हे नीट समजून घ्या, म्हणजे घरातही समजावून सांगता येईल.

कॅन्सर झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि ती 'वाढवली' की गाठ विरघळते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अनेक रुग्णांत गाठीच्या आसपास आणि आतही टी पेशी, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर असतात. त्या नुसत्या बसून राहतात. कारण प्रत्येक टी पेशीवर ब्रेक असतात. ते नसते तर या पेशी आपल्याच सांध्यांवर, आतड्यांवर, थायरॉइडवर तुटून पडल्या असत्या. पीडी-१ हा असाच एक ब्रेक. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक रोखला तर काय होतं ते उंदरांत दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. गाठ स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवते आणि टी पेशीचा ब्रेक दाबून ठेवते. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं तो ब्रेक सोडवतात. टी पेशींची संख्या वाढवणं किंवा शरीराला 'ताकद' देणं हे त्यांचं काम नाही.

रोगप्रतिकारयंत्रणेला कॅन्सरविरुद्ध उठवायचे प्रयत्न मात्र फार जुने आहेत. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये रुग्णाच्या गाठीत मुद्दाम जंतू टोचले होते, कारण त्वचेला जोराचा संसर्ग होऊन गेल्यावर काही गाठी आकसल्याचं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. ज्या लसीचा व्रण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे ती बीसीजी १९७६ पासून मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर वापरली जाते आणि आजही ती तिथली मुख्य उपचारपद्धती आहे. पण ती मूत्राशयात थेट सोडतात, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या आठवड्यांत. दंडावरच्या लसीने मूत्राशयाचा कॅन्सर बरा होत नाही. काढ्याच्या बाबतीतही हेच विचारायचं: कोणतं द्रव्य, किती, कुठे पोचतं आणि कोणत्या आजारात?

आता तुमच्या आईंच्या आजाराबद्दल. डोकं-मान भागातल्या परत आलेल्या कॅन्सरवर निवोलुमॅबची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एक वर्षानंतर निवोलुमॅब घेतलेले ३६ टक्के रुग्ण हयात होते, नेहमीची औषधं घेतलेले सुमारे १७ टक्के. गाठ लक्षणीय आकसली ती मात्र साधारण १३ टक्के रुग्णांत. हा आकडा तुम्हाला कमी वाटेल. तो लपवून मी तुमची आशा वाढवणार नाही, कारण तुम्हाला जमीन विकायची की नाही असे निर्णय घ्यायचे आहेत. ज्यांना हे औषध लागू पडतं त्यांच्यातल्या काहींना ते दीर्घकाळ लागू पडतं, हे त्याचं वेगळेपण आहे. कुणाला पडेल याचा काहीसा अंदाज बायोप्सीच्या तुकड्यावरच्या पीडी-एल१ तपासणीतून येतो. ती झालेली नसेल तर करून घ्या. त्यासाठी सहसा नवी बायोप्सी लागत नाही, जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, चालतो.

खर्चाचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर मुंबईतूनच आलंय. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. हे सगळे डोकं-मान भागाच्या वाढलेल्या किंवा परत आलेल्या कॅन्सरचे, बरं होण्याच्या पलीकडे गेलेले रुग्ण होते. सगळ्यांना तीन स्वस्त गोळ्या दिल्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. अर्ध्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० ऐवजी ४० मिलिग्रॅम. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, अल्प डोस मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत.

इतक्या कमी औषधाने काम कसं होतं? टी पेशींवरचे पीडी-१ रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या ब्रेकच्या जागा, फार थोड्या औषधानेही जवळजवळ भरून जातात. त्यावर आणखी औषध ओतलं तर फायदा त्या पटीत वाढत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवी. या चाचणीत अल्प डोसची तुलना पूर्ण डोसशी केलेली नव्हती. म्हणून 'पूर्ण डोसइतकंच चांगलं' असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. पण ज्या घराला पूर्ण डोस परवडतच नाही, तिथे निवड अल्प डोस आणि काहीच नाही यांच्यात असते. आपल्याकडची बहुसंख्य घरं अशीच आहेत. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्या रुग्णांसाठी झालेल्या सगळ्यांत उपयोगी अभ्यासांपैकी हा एक आहे, आणि तुमच्या डॉक्टरांना तुम्ही 'कमी डोसचं निवोलुमॅब आणि तोंडी गोळ्या आईंना चालतील का' असं थेट विचारायला हवं. सर्वांत लहान वायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली, हीही ४० मिलिग्रॅमची असते, म्हणून काही ठिकाणी दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावून एक वायल दोघांत वापरतात. तशी सोय आहे का तेही विचारा.

या गोळ्यांबद्दल एक सक्त सूचना. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी खाली येतात, जीव जाऊ शकतो. डब्यावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा आणि गोळी आईंच्या हाती घरातल्या एकाच माणसाने द्यावी.

इथेच काढ्याचा संबंध येतो. मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देऊ शकतं. एर्लोटिनिब यकृतातल्या ज्या एन्झाइममार्फत शरीराबाहेर काढलं जातं, तेच एन्झाइम काळ्या मिरीतलं पिपरीन अडवतं. हळद अंगी लागावी म्हणून तिच्या कॅप्सूलमध्ये आणि काढ्यात मिरी मुद्दाम घालतात. मग गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, अंगावर पुरळ आणि जुलाब वाढू शकतात.

गुळवेलीचं प्रकरण याहून गंभीर. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली आणि मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना कावीळ झालेले रुग्ण दिसू लागले. २०२१ मध्ये त्यांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, पुढे देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. तो आक्षेप रास्त प्रश्न उभा करतो, कारण काढ्यात नेमकं काय पडतंय हे घरी कुणालाच माहीत नसतं. पण यकृताच्या या इजेचं रूप महत्त्वाचं आहे. अनेकांत ती रोगप्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी होती. इम्युनोथेरपीमुळे होणारी यकृताची सूजही याच जातीची असते.

ओपीडीत हे वरचेवर दिसतं. तिसऱ्या डोसच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट समोर येतो आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, चाळिसावरून चारशेच्या पुढे गेलेलं असतं. मी विचारते, 'दुसरं काही घेता?' आई मान हलवतात, नाही. लेक जरा घुटमळते आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढते, तळाशी हिरवट गाळ. 'हे औषध नाही हो मॅडम, घरचंच आहे.' आता ही सूज इंजेक्शनमुळे की बाटलीतल्या काढ्यामुळे हे सांगायला कोणतीही एक तपासणी पुरत नाही. धोका पत्करता येत नाही, म्हणून इंजेक्शन थांबवावं लागतं आणि स्टेरॉइड सुरू करावं लागतं. ज्या औषधासाठी घराने दागिने मोडले ते कदाचित लागू पडत असताना बंद होतं.

लक्ष्मणफळाबद्दल फिरणारा 'केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी' हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्या फळात आणि पानांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सर पेशी ती मारतात, इतपत खरं आहे. माणसांच्या गाठी त्याने आकसल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काचेच्या बशीत मीठही पेशी मारतं, स्पिरिटही मारतं. उलट कॅरिबियन बेटांतल्या ग्वादलूपमध्ये ही फळं आणि पानांचा चहा नेमाने घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसला. १९९९ पासून त्यावर लिहिलं जातंय आणि संशय याच कुळातल्या ॲनोनासिन या द्रव्यावर आहे. फळ कधीतरी फळ म्हणून खाल्लं तर काळजी नको. पानांचा रोजचा काढा नको.

हळदीवर आमच्या क्षेत्रात खरोखर खूप काम झालंय. अडचण अशी की कुरकुमिन आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम कुरकुमिन दिलं होतं. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. एका रुग्णाचा आजार बराच काळ स्थिर राहिला, एकाची गाठ थोड्या काळासाठी आकसली, बाकीच्यांत विशेष काही नाही. आमटी-भाजीतली हळद आईंना चालू द्या. कॅप्सूल मात्र नकोत. दाट केलेल्या अर्कांनीही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता आहेत.

हे वाचून 'ॲलोपॅथीवाल्यांना झाडपाला नकोच असतो' असं मामा म्हणतील. त्यांना सदाफुलीची गोष्ट सांगा. कुंपणाला लावतो ती गुलाबी-पांढरी सदाफुली. तिच्यातून १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मिळाली. आज लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा उपचार व्हिन्क्रिस्टिनशिवाय होत नाही. प्रौढ माणसाचा एका वेळचा डोस सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. ते शिरेतच द्यावं लागतं. चुकून मणक्यातल्या पाण्यात गेलं तर रुग्ण बहुतेक वेळा दगावतो. पानात हे द्रव्य इतकं अत्यल्प असतं की थोडंसं औषध काढायलाही वाळलेल्या पानांचा ढीग लागतो. सदाफुलीची चार पानं चावून ल्युकेमिया बरा होत नाही आणि बाकीच्या अल्कलॉइडांचा त्रास फुकट होतो.

दुसरी गोष्ट नंदुरबारची. रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांचा जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबईत. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. साल १९६२ मध्ये गोळा झाली होती, औषधाला मान्यता १९९२ मध्ये मिळाली. तीस वर्षं. या काळात ते कुठे काम करतं, किती द्यायचं, कशात विरघळवायचं, कुणाला ॲलर्जी येते हे एकेक करून कळत गेलं. आज डोकं-मान, स्तन, अंडाशय, फुफ्फुस अशा कॅन्सरमध्ये पॅक्लिटॅक्सेल म्हणून आम्ही तेच देतो. याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सर पेशी मारणारं द्रव्य काढलं. ते द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही भरपूर असतं, इतकं की नरक्याची चोरटी तोड हा पश्चिम घाटात वनखात्याचा कायमचा डोकेदुखीचा विषय झालाय.

आणि सोमल. सोमल म्हणजे आर्सेनिक, आपल्या आणि चिनी अशा दोन्ही परंपरांत वापरलेलं विष. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्यावर काम सुरू केलं. आज एपीएल या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, जोखीम फार नसलेल्या रुग्णांना, शुद्ध आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध एवढ्यावर, केमो न देता, बरं करता येतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजाराविना होते. नेहमीच्या कॅन्सर उपचारात याइतका उजळ निकाल क्वचित दिसतो. पण हेच आर्सेनिक तुमच्या आईंच्या आजारात निरुपयोगी आहे आणि अशुद्ध भस्मातून गेलं तर मूत्रपिंडं घालवेल. परंपरेने दिशा दाखवली, पण कुणाला, किती आणि कधी हे चाचण्यांतूनच कळलं. मला वैद्यांबद्दल आदर आहे. माझं म्हणणं एवढंच की ते उत्तर मिळेपर्यंत तुमच्या आईंच्या अंगावर प्रयोग नको.

'नैसर्गिक म्हणजे निदान अपाय तरी नाही' हेही खरं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिनची चाचणी झाली. गाजरातलंच द्रव्य, कॅन्सर टळेल या आशेने दिलेलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त.

टाटाच्याच 'शंभर रुपयांच्या गोळी'बद्दलही तुम्ही विचारलंय. द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल आणि अगदी थोडं तांबं यांच्या मिश्रणावर डॉ. इंद्रनील मित्रा यांचं काम आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची मोठी बातमी झाली. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून सुटलेले गुणसूत्रांचे तुकडे या मिश्रणाने निकामी होतात, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना मला रोचक वाटते, पण पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आणि लहान गटांवरचा आहे. गाठ परत आलेल्या रुग्णाचा उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नका. तसंच आयआयटी मुंबई आणि टाटाची कार-टी पेशींची उपचारपद्धती (रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देतात), जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही. आणि 'सगळ्या रुग्णांचा कॅन्सर गायब' म्हणून गाजलेलं डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध गुदाशयाच्या ज्या कॅन्सरवर चाललं, त्यात एक खास जनुकीय दोष असतो आणि तो शंभरातल्या पाच-दहा जणांतच सापडतो.

घरच्या घरी खरोखर काय करता येतं? चालणं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३. आजार वेगळा आहे, हे आकडे आईंना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण झेपेल तितकं अंगणात फिरण्याने थकवा कमी होतो हे आमच्या रोजच्या पाहण्यात आहे.

खाण्याबाबत तुम्ही साखर, दूध, भात सगळं बंद केल्याचं लिहिलंय. कृपा करून ते परत सुरू करा. रेडिएशननंतर तोंड कमी उघडतं, लाळ आटते, त्यात पथ्यं लादली की वजन झपाट्याने उतरतं. आणि वजन उतरलेल्या रुग्णाला कोणताच उपचार झेपत नाही. नाचणीची आंबील, मऊ मुगाची खिचडी तूप घालून, नीट शिजवलेलं अंडं, दाट वरण, घरी लावलेलं ताजं दही. इम्युनोथेरपी घेणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांत तंतुमय आहार पुरेसा घेणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिल्याचं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. दुकानातल्या प्रोबायोटिक गोळ्यांनी तसा फायदा दिसला नाही. म्हणून भाज्या शिजवून, गाळून का होईना, पोटात जाऊ द्या. कच्च्या गव्हांकुरांचा रस नको. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर त्यातून जंतुसंसर्ग होतो. आणि मिश्री पूर्ण बंद, 'आता काय फरक पडतो' असं कुणी म्हणालं तरी.

इंजेक्शन सुरू झालं तर पुढचं लक्षात असू द्या. नवा खोकला किंवा दम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा जुलाब, लघवी गडद पिवळी होणं, छातीत दुखणं, पापण्या जड होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिक घेऊन आठवडा काढू नका. हे दुष्परिणाम शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही येतात, म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी इम्युनोथेरपी घेतल्याचं आधी सांगा.

या आठवड्यात यकृताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या. काढा थांबवल्यावर एसजीपीटी जास्त असेल तर ते खाली येईपर्यंत इंजेक्शन सुरू करायची घाई करू नये. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाइन सेवेतून घरबसल्याही मिळतं. प्रत्यक्ष जाणार असाल तर ऑपरेशनच्या वेळचे पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड जुन्या रुग्णालयातून मागून घ्या, रेडिएशनचा सारांश, स्कॅनच्या सीडी आणि आत्ताच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. काढ्यात घातलेल्या पाला-मुळ्यांचा थोडा नमुनाही वेगळ्या पिशवीत ठेवा, यकृत बिघडलेलं निघालं तर तो लागेल.